सांपडलेल्या भंगाराचें काय करावें ?

गेल्या दिवाळीच्या सुटींत एके सकाळीं इयत्ता नववींतले दोन विद्यार्थी आमच्या घरीं आले. सिमेंटची एक जुनी गोणी त्यांनीं दोन टोंकांना धरून तीन जिने चढवून आणिली होती, व दोघांनाहि चांगलीच धाप लागली होती. त्यांपैकीं एकाच्या मामानें त्याला वाढदिवसाची भेट म्हणून एक धातुशोधक यंत्र दिलें होतें. लांब दांडा, त्याच्या टोंकाशीं ताटलीएवढें वेटोळें आणि धातूची चाहूल लागतांच होणारा ' टीं ' असा आवाज, असें हें यंत्र घेऊन सोसायटीमागच्या मोकळ्या जागेंत, रीतसर परवानगी काढून, दोघांनीं आठ दिवस शोध चालविला होता. त्या शोधाचें फळ त्यांनीं माझ्यापुढें वर्तमानपत्र पसरून ओतलें. गंजके खिळे, सळ्यांचे तुकडे, शीतपेयांच्या बाटल्यांचीं बुचें, पत्र्याच्या कातरणी, जळक्या तारेचा एक गुंता, नळाची मोडकी पितळी तोटी आणि एकेक रुपयाचीं दोन नाणीं ! मुलें हिरमुसलीं होतीं. त्यांतला एक म्हणाला, " सर, सोनें तर राहूं द्या, पण आतां ह्या ढिगाचें काय करायचें ? "

प्रश्न साधा होता, पण त्यावर तीन घरांचीं तीन मतें पडलीं होतीं. एकाच्या आईचें म्हणणें, " ही घाण कचऱ्याच्या डब्यांत टाक आणि अभ्यासाला बैस. " दुसऱ्याचे वडील म्हणाले, " भंगारवाल्याला घाल, चार पैसे येतील. " आणि मुलांच्या मनांतून, आलेल्या खड्ड्यांत सर्व पुन्हां पुरून मोकळें व्हावें, असें होतें. मीं त्या दिवशीं दिलेलें उत्तर घाईचें होतें. पुढें पुष्कळ विचार केल्यावर जें सुचलें तें येथें मांडीत आहें. वाचकांना वाटेल, एवढ्याशा गंजक्या लोखंडावर लेख कशाला ? पण क्षुल्लक वस्तूंशीं आपण कसे वागतों, यावरूनच मोठ्या वस्तु हातीं आल्यावर आपण कसे वागूं हें ठरत असतें. आणि या गोष्टीची किंमत मीं स्वतः लहानपणीं मोजलेली आहे. ती हकीकत पुढें येईलच.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, असल्या शोधांत भंगारच अधिक सांपडावयाचें. यंत्राच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह भोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण करितो. त्या क्षेत्रांत धातु आली कीं तिच्यांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात व त्यांची चाहूल यंत्राला लागते. धातु राजाच्या मुकुटाची आहे कीं बाटलीच्या बुचाची, हें सांगण्याचें ज्ञान त्यास फारच थोडें. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं शरीरांतील गोळी हुडकण्यासाठीं असेंच एक यंत्र रचलें होतें. परंतु गोळी सांपडली नाहीं. बिछान्यांतील लोखंडी तारांनीं यंत्राचा कौल फसविला, हें त्याचें एक कारण सांगतात. बेलसारख्या बुद्धिमंताचें यंत्र जेथें तारांनीं चकलें, तेथें आमच्या विद्यार्थ्यांनीं खिळ्यांबद्दल खंत कां करावी ?

त्यांतून आमच्या नवी मुंबईची भूमि म्हणजे तर विचारूंच नये. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनीवर हें शहर उभें राहूं लागलें. भाताचीं खाचरें, खाजणें व मिठागरें होतीं तेथें डोंगर फोडून आणलेल्या मुरमाचा भराव पडला. त्यावर इमारती, पूल, रेल्वे व कारखाने उठले. बांधकामाच्या प्रत्येक पिढीनें आपले खिळे, आपल्या तारा व आपला पत्रा या भरावांत सोडला आहे. म्हणून येथें यंत्र फिरविणाऱ्यास वर आजचें भंगार लागतें आणि त्याखालीं, जेथें भराव पातळ आहे तेथें, जुन्या गांवांची भूमि असते. हें ज्याला उमजलें तो आपल्या गोणीकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागेल.

कित्येक पालकांना हा छंदच कमीपणाचा वाटतो. " माझा मुलगा भंगार वेंचतो, असें लोक म्हणतील, " ही त्यांची भीति. या भीतींत कांहीं अर्थ आहे असें मला वाटत नाहीं. आपल्याकडे सोनारांच्या दुकानांतील राख व केर धुऊन त्यांतून सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान् पिढ्या होऊन गेले. तें काम मोठ्या कौशल्याचें होतें. पुण्यांत १९९३ सालीं कचरा वेंचणाऱ्या श्रमिकांनीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारून, आम्ही करतों तें उपयोगाचें काम आहे, हें शहराला मान्य करावयास लाविलें. खनिजापासून नवें अ‍ॅल्युमिनियम तयार करण्यास जी ऊर्जा लागते तिच्या केवळ सुमारें ५ टक्के ऊर्जेंत जुनें अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हां वापरतां येतें. लोखंड तर कितीहि वेळां भट्टींत घाला, तें लोखंडच राहतें. तेव्हां मुरगळलेल्या पत्र्यांत हलकें असें कांहीं नाहीं. हलकेपणा असलाच तर तो पत्रा रस्त्यावर फेंकणाऱ्याच्या ठिकाणीं आहे.

आतां सांपडलेल्या भंगाराविषयीं माझें मत क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, जें एकदां वर काढलें तें पुन्हां पुरूं नये. मुलांना वाटतें, होतें तेथेंच ठेविलें तर बिघडलें कोठें ? पण जो खिळा हातभर खोल निजला होता त्यास तुम्हीं उकरून वितीवर आणून ठेविलें. पावसाळ्यांत माती वाहून गेली कीं तो वर येईल, आणि अनवाणी खेळणाऱ्या एखाद्या पोराच्या पायांत शिरेल. मातीनें माखलेल्या खिळ्याच्या जखमेंतून धनुर्वात होतो, हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून हा छंद करणाऱ्यानें स्वतः प्रतिबंधक लस घेतलेली असावी, हातांत जाड मोजे व पायांत बूट असावेत. याच ओघांत खड्ड्याविषयींहि सांगितलें पाहिजे. गवताची खापरी तीन बाजूंनीं कापून उलटावी, काम होतांच माती दाबून भरावी व खापरी होती तशी बसवावी. तुम्ही गेल्यानंतर तेथें कोणी खणलें होतें असा संशयहि येतां कामा नये.

दुसरी गोष्ट भंगाराच्या वांटणीची. घरीं आणलेला ढीग कचऱ्याच्या डब्यांत टाकणें म्हणजे एका भुईंतून काढून दुसऱ्या भुईंत पुरणेंच होय. एक लहानसें चुंबक घ्यावें. जें त्यास चिकटेल तें बहुधा लोखंड. राहील त्यांत तांबें, पितळ, अ‍ॅल्युमिनियम व शिसें. रंगावरून व वजनावरून हीं ओळखण्यास मुलें दोन दिवसांत शिकतात, आणि पाठ्यपुस्तकांतील धातूंचा धडा त्यांना आयुष्यभर पुरतो. शिसें व जुने विद्युत्घट मात्र वेगळे ठेवावेत व हात स्वच्छ धुवावेत, कारण तीं विषारी आहेत. तांबें मिळविण्यासाठीं तारेवरचें प्लॅस्टिक जाळण्याची चाल कोठें कोठें आहे. ती सर्वथा वर्ज्य समजावी. त्या धुराचें विष चार आण्यांच्या तांब्यापेक्षां फार महाग पडतें.

असा वेगळा केलेला माल कोणास द्यावा ? पुष्कळांचें उत्तर, भंगाराच्या दुकानीं विकावा. यांत अन्याय आहे असें मी म्हणत नाहीं. पण ज्याच्या घरीं दोन वेळचें अन्न आहे त्यानें छंदाच्या ओझ्यावर पैसे मिळविण्यापेक्षां, जी बाई रोज सोसायटीच्या दाराशीं काच-पत्रा गोळा करण्यास येते तिच्या हातीं तो निवडलेला माल द्यावा, हें मला अधिक शोभून दिसतें. ही भीक नव्हे. तो तिचा व्यवसाय आहे. आपण फक्त तिच्या वांट्याचा माल भुईंतून काढून, बोट कापूं नये असा नीट बांधून, तिच्यापर्यंत पोंचवितों. मुलांनीं तो स्वतः जाऊन द्यावा व " मावशी, यांत खिळे आहेत, जपून " एवढे दोन शब्द बोलावे.

तिसरी गोष्ट मालकीची. मोकळ्या जागेंतील गंजका खिळा कोणाचा, असा वाद कोणी घालणार नाहीं. परंतु गटाराचें लोखंडी झांकण, पाण्याचा मीटर, जाड केबल किंवा रुळाची खीळ सांपडली तर ती बेवारशी नव्हे. कोणींतरी चोरून तेथें दडविलेली असण्याचा संभव मोठा. उघड्या गटाराच्या तोंडाशीं रात्रीं माणसाचा जीव जातो, हें विसरूं नये. अशी वस्तु उचलून दुकानीं घालणारा मुलगा कळत नकळत चोराचा साथीदार होतो; आणि रेल्वेच्या मालाविषयीं तर १९६६ सालापासून स्वतंत्र कायदाच आहे. अशा वेळीं महापालिकेच्या विभाग कार्यालयास किंवा पोलिसांस कळवावें व हात लावूं नये. या बाबतींत खाडीपलीकडचें एक उदाहरण मला नेहमीं आठवतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ' फोर्ट स्टिकीन ' या जहाजावरील दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला, तेव्हां त्यांतील सोन्याच्या विटा आकाशांत उडाल्या. सुमारें एक मैल अंतरावर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरांत त्यांपैकीं एक येऊन पडली. त्या गृहस्थानें ती सरकारच्या स्वाधीन केली. छप्पर फोडून आलेलें सोनें जर आपलें नव्हे, तर रस्त्याकडेचें झांकण आपलें कसें होईल ?

चौथी गोष्ट जिवाच्या भयाची. धातूचा प्रत्येक आवाज निरुपद्रवी नसतो. २००४ सालीं उत्तर प्रदेशांत गाझियाबाद येथील पोलादाच्या कारखान्यांत परदेशाहून आलेल्या भंगारांत जिवंत दारूगोळा निघून स्फोट झाला व दहा कामगार प्राणांस मुकले. आपल्या वर्धा जिल्ह्यांत पुलगांवजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजीं मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचें काम चालू असतां सहा माणसें गेलीं. दिल्लींत मायापुरीच्या भंगार बाजारांत २०१० सालीं एका विद्यापीठानें मोडींत काढलेलें यंत्र आलें. त्यांतील किरणोत्सर्गी कोबाल्टनें एकाचा बळी घेतला व कित्येक आजारी पडले. आपल्या शहराच्या एका अंगास बंदर, दुसऱ्या अंगास कारखाने व मधें लोखंडाचा मोठा बाजार आहे. तेव्हां बंद नळकांडें, गोळ्याच्या आकाराची जड वस्तु, अनोळखी पिवळी खूण असलेला डबा, असें कांहीं दिसल्यास तेथेंच थांबावें, खूण लक्षांत ठेवावी, दूर जावें व ११२ या क्रमांकावर कळवावें. यांत भित्रेपणा नाहीं. ठोकून पाहणाऱ्याचें धाडस पाहण्यास दुसऱ्या दिवशीं तो स्वतःच उरत नाहीं.

पांचवी व शेवटची गोष्ट माझ्या मनास सर्वांत अधिक लागलेली आहे. भंगार म्हणून जें दिसतें तें विकण्यापूर्वीं एकदां नीट पाहावें.

माझा जन्म ठाण्याच्या खाडीकांठच्या एका गांवांतला. भरावाचीं कामें चालूं झालीं तेव्हां मी दहा-अकरा वर्षांचा होतों. आमच्या खाजणाचा बांध यंत्रानें तोडला, त्या मातींत मला नारळाएवढा एक हिरवट गोळा मिळाला. तांब्याचा होता, एवढें मला कळलें. आजोबा म्हणाले, " बाळा, धू तरी आधीं, बघूं काय आहे तें. " पण मला पतंग व मांजा हवा होता. मी तो तसाच भंगारवाल्याकडे नेला. त्यानें तराजूंत घालण्यापूर्वीं दगडानें ठोकला, आणि आंतून एकमेकांस चिकटलेल्या गोल चकत्या सुटल्या. त्यांवर कांहीं अक्षरें होतीं. मीं तीं पाहिलीं, आणि तरीहि पैसे घेतले. दुसऱ्या आठवड्यांत मला पश्चात्ताप होऊन मी धांवत गेलों, तों माल केव्हांच भट्टीकडे गेला होता. तीं नाणीं कोणाचीं होतीं, कोणत्या राजाचीं, तीं आमच्या बांधांत कोणीं व कोणत्या भयानें पुरलीं, हें आतां कोणासहि कधीं कळणार नाहीं. ज्या गांवाचीं शेतें गेलीं त्या गांवाचा जुना पुरावाहि माझ्याच हातानें गेला. आजोबा मला रागें भरले नाहींत. ते कांहींच बोलले नाहींत, याचेंच मला आजवर दुःख आहे.

याच्या उलट चित्र पाहा. १९७४ सालीं अहिल्यानगर ( त्या वेळचें अहमदनगर ) जिल्ह्यांतील दायमाबाद येथें एका भिल्ल शेतमजुरास झुडपाचें मूळ खणतांना कांशाच्या चार मूर्ति सांपडल्या : बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा व म्हैस. चारींचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भंगाराच्या कांट्यावर त्या कांहीं शें रुपयांच्या झाल्या असत्या. त्या भट्टींत गेल्या नाहींत म्हणून आज संग्रहालयांत आहेत, आणि सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या महाराष्ट्राविषयीं विद्वान त्यांवरून वाद घालूं शकतात. तसेंच नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं मिळालीं. तीं क्षहरात राजा नहपानाचीं. पण त्यांपैकीं नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का पुन्हां मारलेला होता. पराभूताच्या नाण्यावर विजेत्याची मुद्रा ! कोणा सोनारानें तीं आटविलीं असतीं, तर त्या विजयाचा एवढा बोलका पुरावा आपणांस राहिला नसता.

कायदाहि हेंच सांगतो. १८७८ सालच्या निखात निधि कायद्याप्रमाणें भुईंत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सांपडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविली पाहिजे. कोणी धनी ठरला नाहीं तर साधारणपणें तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळावे अशी त्यांत सोय आहे. सरकारनें ती ठेव घेतल्यास योग्य मोबदला देण्याचीहि आहे. लपविणारा मात्र आपला वांटा गमावतो आणि शिक्षेस पात्र होतो. २०२२ सालीं पिंपरी-चिंचवड पोलिसांनीं खोदकामांत निघालेलीं २१६ सोन्याचीं नाणीं जप्त केल्याचें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. जुन्या किल्ल्यांच्या व संरक्षित स्मारकांच्या जागीं परवानगीवांचून खणणें हा तर गुन्हाच आहे, व तो असावाहि. जमिनींत वस्तु कोणत्या थरांत, कशाशेजारीं होती, यांतच अर्धा इतिहास असतो. तो आपल्या खुरप्यानें पुसला जातो. खाडीकांठच्या खारफुटींतहि शिरूं नये. ती जागा रोहित पक्ष्यांची व मासळीची आहे. आणि अगदीं अलीकडचीं नाणीं सांपडलीं तर तीं धुऊन खर्चावीं किंवा जपावीं. चलनी नाणें वितळविण्यास २०११ च्या कायद्यानें मनाई आहे.

पालकवर्गास माझी एवढीच विनंति कीं, मुलांच्या या गोणीला नाक मुरडूं नका. मोबाईलच्या पडद्यापुढें तासन् तास बसणारें मूल उन्हांत उभें राहून एका आवाजाच्या मागें माती उकरतें, ही गोष्ट लहान नव्हे. त्यास एक वही द्या. कोणत्या दिवशीं, कोठें, किती खोल, काय मिळालें हें त्यानें लिहावें. शंभर नोंदींपैकीं नव्याण्णव खिळ्यांच्या असतील. पण नव्याण्णव खिळे प्रामाणिकपणें नोंदविणाऱ्या मुलाच्या हातीं शंभरावी वस्तु सुखरूप राहील. माझ्या आजोबांनीं " धू तरी आधीं " म्हटलें होतें. तुम्ही मुलाबरोबर बसून ती वस्तु धुवा.

त्या दोन विद्यार्थ्यांच्या गोणीचें पुढें काय झालें, हें सांगून लेख आटोपतों. आम्हीं तिघांनीं मिळून दुपारभर तो ढीग निवडला. लोखंड व पत्रा एका पोत्यांत बांधून त्यांनीं दाराशीं येणाऱ्या मावशींना दिला. पितळी तोटी कोणाच्या नळाची निघाली नाहीं, ती शाळेच्या प्रयोगशाळेंत धातूंच्या नमुन्यांत ठेविली आहे. राहतां राहिली एक लहान, जाड, वेडीवांकडी चकती, जी आम्हां तिघांसहि बूच वाटली होती. ती आम्हीं साध्या पाण्यानें धुतली. घांसली मात्र नाहीं. तिच्यावर कांहीं उमटलेलें दिसतें आहे. अक्षर आहे कीं नुसता गंज, हें आमच्या डोळ्यांना ठरवितां आलें नाहीं. ती कोठें व किती खोल मिळाली याच्या नोंदीसह मुलांनीं ती जाणकारांकडे दाखविण्यास नेली आहे. कदाचित् ती बूचच ठरेल. ठरली तरी हरकत नाहीं. ती भट्टींत गेली नाहीं, याचा मला स्वतःपुरता फार आनंद आहे.